मॉर्फिनवरून पॅचवर: दुखणं थांबलं, पोट बिघडलं

सांगली जिल्ह्यातल्या एका पेशंटचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; औषधं, डोस आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. गावातले जनरल प्रॅक्टिशनर, घरी जाऊन पेशंट बघणाऱ्या सिस्टर आणि घरच्या घरी मॉर्फिन देणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. यातले आकडे या एकाच पेशंटसाठी, त्याची किडनी, वजन आणि आधीचे डोस बघून ठरवलेले होते. दुसऱ्या कुणाला ते जसेच्या तसे लावू नयेत.

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातले ६२ वर्षांचे शेतकरी. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. दोन एकर द्राक्षबाग आणि घरचंच बेदाण्याचं शेड. कंबर दुखायला लागली तेव्हा औषध मारताना पाठीवर घेतलेल्या पंपाचं निमित्त झालं, असं सगळ्यांनी धरलं. आठ-दहा महिने डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि अधूनमधून तेच इंजेक्शन चाललं. एक दिवस वाकून कॅरेट उचलताना पाठीत कळ आली आणि ते खालीच बसले. मिरजेत एमआरआय झाला, मणका दबलेला दिसला आणि पुढच्या तपासण्यांत मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर, निघाला.

मायलोमात हाडं ठिसूळ होतात आणि किडनीही धोक्यात असते. त्यात डायक्लोफेनॅकसारखी औषधं म्हणजे आगीत तेल. निदानाच्या वेळी क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी मंदावली असं समजायचं) १.५ होतं.

केमो सुरू झाली. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिलं, ते वाढत वाढत दिवसाला ४०० मिलिग्रॅमवर, म्हणजे कमाल मर्यादेवर गेलं. तरी दुखणं दहापैकी सात-आठ. तात्या रात्री उशी पोटाशी धरून बसून काढत. पेशंट आमच्या पॅलिएटिव्ह टीमकडे, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या टीमकडे आला तो इथे.

पहिली बदली: ट्रॅमाडॉल ते मॉर्फिन

हा टप्पा तसा सुरळीत गेला, म्हणून थोडक्यात सांगतो. ४०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल म्हणजे काही तक्त्यांप्रमाणे ४० मिलिग्रॅम तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, काही तक्त्यांप्रमाणे ८०. एवढी तफावत असली की खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि एसओएस, म्हणजे गरज पडली तरच घ्यायची, गोळी हाताशी ठेवावी. आम्ही साधं मॉर्फिन ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू केलं.

ट्रॅमाडॉल मात्र एका दिवसात बंद केलं नाही. ते फक्त ओपिऑइडसारखं (मॉर्फिनच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधासारखं) काम करत नाही, मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिनवरही काम करतं. महिनोन्महिने घेतलेलं ट्रॅमाडॉल एकदम तोडलं तर ओपिऑइडच्या विड्रॉवलबरोबर (सरावलेलं औषध तुटल्यावर होणाऱ्या त्रासाबरोबर) घबराट, अंगात करंट बसल्यासारखे झटके, कधी भ्रमही होतो, आणि त्या भागावर मॉर्फिनचा उपयोग होत नाही. म्हणून दर दोन दिवसांनी १०० मिलिग्रॅम कमी करत गेलो आणि दुखणं बघून मॉर्फिन वाढवलं. दोन आठवड्यांत तात्या बारा तास पुरणाऱ्या ३० मिलिग्रॅमच्या, दिवसाला दोन गोळ्यांवर स्थिरावले. दुखणं तीनवर आलं. रात्रीची झोप लागली.

घरच्यांना पटवायला औषध ठरवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. मुलाचं म्हणणं सरळ होतं, "मॉर्फिन म्हंजे शेवटचं औषध न्हवं का?" तसं नाही हे सांगितलं, एकदा नाही, भेटेल तेव्हा. मॉर्फिन मिळण्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागत नाहीत, मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवता येतात. पण अशा संस्था जिल्ह्याच्या मोठ्या गावांत. तालुक्याच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी घेऊन गेलात तर मान हलते.

अडचण

चार महिने बरे गेले. एप्रिलमध्ये खरड छाटणी चालू असताना सूनबाईंचा फोन आला. "मामा दिवसभर झोपत्यात. आन् हात उडतोय त्यांचा. चहाची बशी हातातनं निसटली, दोनदा."

घरी गेलो. तात्या हाक मारली की डोळे उघडत, नीट उत्तर देत आणि वाक्य संपता संपता पुन्हा पेंगत. श्वास मिनिटाला १२. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हात पुढे धरायला सांगितला की मनगट मधूनच झटका देई. क्रिएटिनिन २.९ आलं. कॅल्शियम वाढलं की मायलोमात अशीच गुंगी येते म्हणून तेही बघितलं, ते नॉर्मल होतं. चौकशीत आणखी दोन गोष्टी कळल्या. उन्हाळ्यात तात्यांचं पाणी पिणं कमी झालं होतं, आणि एका लग्नाला गेले असताना तिथे कुणीतरी "साधं दुखण्याचं" इंजेक्शन देऊन घेतलं होतं.

चित्र स्पष्ट होतं. मॉर्फिनचं शरीरात रूपांतर होऊन जे पदार्थ तयार होतात ते किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी मंदावली की ते साठतात. गोळी तीच, डोस तोच, पण शरीरातला परिणाम रोज वाढत जातो. गुंगी आणि हाताचे झटके ही त्याची खूण. असंच चालू दिलं असतं तर पुढची पायरी श्वास मंदावण्याची होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, मॉर्फिनच ठेवायचं, डोस कमी करायचा आणि दोन डोसांमधलं अंतर वाढवायचं. स्वस्त, ओळखीचं औषध. पण किडनी पुढे कुठे जाणार हे माहीत नसताना रोज मागे-पुढे करत बसावं लागलं असतं, आणि घर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर.

दुसरा, ब्युप्रेनॉर्फिनचा आठवड्याचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची, औषध हळूहळू आत सोडणारी पट्टी. किडनीला बरा. पण आपल्याकडे मिळतो तो तासाला २० मायक्रोग्रॅमपर्यंतचा, म्हणजे ढोबळ मानाने दिवसाला ४०-५० मिलिग्रॅम मॉर्फिनएवढा. तात्यांची गरज त्याच्या वरची होती.

तिसरा, मेथाडोन. किडनीच्या दृष्टीने उत्तम, किमतीलाही परवडणारं. पण ते शरीरात किती वेळ राहील हे माणसागणिक बदलतं, सुरुवातीचे दिवस जवळून बघावं लागतं आणि ईसीजीही करावा लागतो. वॉर्डात असते तर विचार केला असता.

चौथा, फेंटानिलचा पॅच. फेंटानिलची विल्हेवाट लिव्हर लावतं. पॅच ७२ तास चालतो. महाग आहे हे खरं. आम्ही तो निवडला. दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन म्हणजे साधारण तासाला २५ मायक्रोग्रॅमचा पॅच. इथे टीममध्ये थोडा वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, पेशंट आधीच गुंगीत आहे, १२ च्या पॅचपासून सुरुवात करू. औषध बदलताना हिशोबापेक्षा पाव ते निम्मा डोस कमी धरायची रीत आहेच, त्यामुळे म्हणणं गैर नव्हतं. पण तात्यांना एसओएस गोळ्याही लागत होत्या, म्हणजे रोजचं मॉर्फिन प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास होतं, आणि दबलेला मणका तोच होता. शेवटी असं ठरलं: २५ चाच पॅच, पण त्याच्याबरोबर बारा तासांची शेवटची गोळी द्यायची नाही. एरवी ती देतात, कारण पॅचचा अंमल चढायला बारा ते चोवीस तास लागतात. इथे शरीरात साठलेलं मॉर्फिनच तेवढा वेळ निभावून नेईल असा हिशोब होता. साधं मॉर्फिन ५ मिलिग्रॅम, एसओएस म्हणून, दोन डोसांत किमान सहा तास ठेवून.

पॅच लावला

मंगळवारी सकाळी आठ वाजता. आदल्या रात्री आठची गोळी शेवटची. सिस्टरनी दंडाच्या बाहेरच्या बाजूचे केस कात्रीने कापले. रेझर चालवला की कातडी सोलते आणि औषध जास्त आत जातं. जागा नुसत्या पाण्याने पुसून कोरडी केली. काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, त्यांना रोज तेल लावतात. दंडाला लावायचं नाही, नाहीतर पॅच चिकटणार नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. पॅचवर तळहात दाबून अर्धा मिनिट धरला आणि त्यावर पेनने वार आणि वेळ लिहिली. पॅचजवळ शेक नाही, ताप आला तर लगेच फोन, कारण उष्णतेने औषध वेगाने शोषलं जातं. सलाईन लावलं, पाणी किती प्यायचं ते ठरवून दिलं.

कागदावर आणखी एक ओळ होती: जुलाबाचं औषध निम्मं करा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो म्हणून तात्या रोज रात्री बिसाकोडिल आणि एक पातळ औषध घेत होते. फेंटानिलवर तेवढं लागत नाही. ही ओळ कागदाच्या मागच्या बाजूला होती. सूनबाई औषधं द्यायच्या त्या स्वतःच्या वहीवरून, आणि वहीत जुनाच डोस.

बुधवारची रात्र

बुधवारी दुपारपर्यंत सगळं छान. गुंगी उतरली, हाताचे झटके कमी झाले, दुखणं दोनवर. संध्याकाळी पोटात मुरडा सुरू झाला. मग जुलाब, रात्री नऊपर्यंत पाच वेळा. घाम, नाकातून पाणी, सारख्या जांभया. तात्या खाटेवर उठत, बसत, पुन्हा आडवे होत. नंतर त्यांनी सांगितलं ते असं: "दुखत न्हवतं वो कुठं. पर जिवाला चैन न्हाई. अंगावनं मुंग्या फिरल्यागत हुतंय."

घरात तीन मतं झाली. काकूंना वाटलं ऊन बाधलं, त्यांनी पोटाला शेकायला पिशवी गरम केली. मुलाने गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. आणि पुण्याहून आलेले चुलत भाऊ, जे काही काळ व्यसनमुक्ती केंद्रात कामाला होते, त्यांनी अंगावरचा काटा, जांभया आणि वाहणारं नाक बघून सांगितलं की ही नशा तुटल्याची लक्षणं आहेत. लक्षणं त्यांनी अगदी बरोबर ओळखली होती. फक्त त्यावरून तात्यांना व्यसन लागलं असा निष्कर्ष काढला, आणि पॅच काढून टाका म्हणाले. मुलाच्या तोंडी ते फोनवर असं आलं: "डॉक्टर, गर्दुल्ल्यागत झालंय म्हणत्यात. काढू का पट्टी?"

फोनवर ठरवायचं होतं ते एवढंच: औषध जास्त झालंय की कमी पडलंय? सूनबाईंना घड्याळ लावून छातीची हालचाल मोजायला सांगितली. १८. व्हिडिओ कॉलवर बाहुल्या बघितल्या, उजेडातही मोठ्या. दोन दिवसांपूर्वी त्याच बाहुल्या दिसेनाशा झाल्या होत्या. नाडी १०४. ताप नाही, शौचात रक्त नाही, घरात दुसऱ्या कुणाचं पोट बिघडलेलं नाही. माणूस पूर्ण जागा, उलट झोप उडालेला. जास्त डोसचं चित्र याच्या बरोबर उलटं असतं.

मग हे विड्रॉवल, तेही दुखणं काबूत असताना? होय, आणि मुद्दा हाच आहे. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, मेंदूत चटकन पोहोचतं आणि दुखणं दाबतं. पण आतड्यावर मॉर्फिनचा जेवढा पगडा असतो तेवढा त्याचा नसतो. चार महिने मॉर्फिनने आवळून धरलेलं आतडं एकदम मोकळं सुटतं. डोसचा हिशोब बरोबर असूनही काही पेशंटना हे होतं, आणि काही दिवसांत शमतं. तात्यांच्या बाबतीत त्यावर जुलाबाच्या औषधाचा पूर्ण डोस पडला होता.

व्यसनाचं म्हणाल, तर औषधासाठी तगमग, घरच्यांपासून लपवणं, नुकसान दिसूनही न थांबणं, यातलं तात्यांकडे काहीच नव्हतं. गोळी विसरली तर सुनेलाच आठवण करावी लागे. शरीर औषधाला सरावणं वेगळं. ब्लडप्रेशरची काही औषधं एकदम तोडली तरी प्रेशर उसळतं, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. हे मी त्या रात्री फोनवर, स्पीकर लावून, चुलत भावांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

इंजेक्शन टळलं

तेवढ्यात गावातले डॉक्टर पोहोचले. पोटात कळा, जुलाब, उन्हाळा. गॅस्ट्रोचा त्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. कळा थांबवायला त्यांच्याकडे पेंटाझोसिनचं इंजेक्शन होतं आणि ते भरायच्या बेतात होते. सूनबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

पेंटाझोसिन हेही दुखण्याचंच औषध, गावोगावी सर्रास वापरलं जाणारं. पण मॉर्फिन-फेंटानिल ज्या जागी बसतात तिथून ते त्यांना हुसकावतं आणि स्वतः मात्र तेवढं काम करत नाही. मॉर्फिनवरच्या पेशंटला ते दिलं की काही मिनिटांत जोराचा विड्रॉवल होतो आणि दाबलेलं दुखणंही उसळतं. तात्यांना आधीच सौम्य विड्रॉवल होता, पाणी कमी झालेलं आणि किडनी अर्धी. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, सिरिंज बाजूला ठेवली आणि विचारलं, "मग देऊ काय, ते सांगा." त्या प्रश्नाने अर्धं काम झालं.

ठरलं ते असं. पॅच तसाच. साधं मॉर्फिन ५ मिलिग्रॅम आत्ता, गरज वाटली तर सहा तासांनी पुन्हा. किडनीमुळे यापेक्षा सैल हात नको. पोट साफ व्हायची औषधं पूर्ण बंद. ओआरएस घोट घोट, डॉक्टरांच्या हातून एक सलाईन. लोपेरामाइड २ मिलिग्रॅम, कारण तेही एक ओपिऑइडच आहे, नेहमीच्या डोसमध्ये मेंदूपर्यंत पोहोचत नाही पण आतड्यावर काम करतं, म्हणजे नेमकी जी जागा रिकामी झाली होती तिथेच. विड्रॉवल शमवायला देतात त्या क्लोनिडिनचा विचार केला आणि सोडला, त्याने प्रेशर उतरतं आणि ते आधीच १००/६० होतं. काकूंच्या गरम पिशवीला बंदी.

पॅच काढला असता तर? लगेच काही बदललं नसतं, कारण कातडीत साठलेलं औषध आत उतरत राहतं आणि रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सतरा तास किंवा जास्त लागतात. घरच्यांना वाटलं असतं, काढला तरी फरक नाही. आणि गुरुवारी रात्री दुखणं आणि विड्रॉवल दोन्ही एकदम अंगावर आलं असतं.

परिणाम

गोळीनंतर तासाभरात बेचैनी उतरली. पहाटे झोप लागली. गुरुवारी दोन जुलाब, दोन एसओएस गोळ्या. शुक्रवारी एक गोळी. त्याच दिवशी सकाळी आठला पॅच बदलला, दुसऱ्या दंडावर. जुना पॅच चिकट बाजू आत करून दुमडला आणि रिकाम्या पाकिटात ठेवून परत घेतला, त्यात औषध उरलेलं असतं आणि घरात चार वर्षांची नात आहे. रविवारपर्यंत पोट पूर्वपदावर आलं. आठवड्याने जुलाबाचं औषध पुन्हा लागलं, पण निम्म्या डोसने भागलं. हाताचे झटके गेले. पुढच्या तीन आठवड्यांत क्रिएटिनिन २.१ वर आलं, त्यात पाण्याचा आणि बदललेल्या केमोचाही वाटा होता.

तात्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसू लागले आणि तासगावच्या बेदाणा सौद्यांचे भाव ऐकून मुलाला "थांब जरा, घाई करू नको" म्हणू लागले. मुलाने ऐकलं नाही, ते वेगळं.

केमोला दाद मिळाली, तसं पावसाळ्यानंतर पॅच २५ वरून १२ वर आणला. त्या वेळी दोन दिवस थोड्या जांभया आणि घाम. सूनबाईंनी फोन केला तो घाबरून नाही, एसओएस गोळी दिल्याचं कळवायला.

पुन्हा असा पेशंट आला तर

एसओएस गोळीच्या पाकिटावर आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच ओळ लिहिली जाई: "दुखल्यास". सूनबाईंनी ती तंतोतंत पाळली. बुधवारी गोळ्या घरात होत्या, पण दुखत नव्हतं, म्हणून दिली नाही. आता मॉर्फिनवरून पॅचवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाकिटावर दुसरी ओळ असते: "न दुखता पोटात मुरडा, जांभया, घाम, बेचैनी असेल तरी एक गोळी, आणि फोन." तिसरी ओळ, गुंगी असेल तर गोळी देऊ नये, आधी फोन.

औषधबदल कागदावर लिहून भागत नाही, घरात जी वही चालते त्या वहीत लिहावा लागतो. सिस्टर आता जुन्या ओळीवर स्वतः काट मारतात.

गावातल्या डॉक्टरांना पॅच लावायच्या आधी फोन जायला हवा. पेशंटचं पोट रात्री दुखेल तेव्हा दारात तेच असणार. पेशंटच्या फाइलला आम्ही एक कार्ड जोडतो, त्यावर मोठ्या अक्षरांत: पेंटाझोसिन देऊ नये, डायक्लोफेनॅक देऊ नये, पॅच काढण्याआधी फोन करावा.

१२ च्या पॅचने सुरुवात केली असती तर बरं झालं असतं का, यावर टीममध्ये अजून एकमत नाही. माझ्या मते पोटाचा त्रास तेव्हाही झाला असता, कदाचित जास्त, आणि वर दुखणंही. ज्या सहकाऱ्याने १२ सुचवला होता त्यांचं म्हणणं, सुरुवातीलाच आठवडाभर थोडं साधं मॉर्फिन ठरलेल्या वेळी चालू ठेवून हळूहळू उतरवलं असतं तर बुधवार आलाच नसता. किडनी चांगली असलेल्या पेशंटमध्ये आम्ही आता तसं करतो. तात्यांसारख्या किडनीत मला ते अजून धोक्याचं वाटतं.

साठ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पॅच दर तीन दिवसांनी हवा आणि तो एकदम तुटून चालत नाही. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेच्या पुराने सांगलीचे रस्ते पाण्याखाली गेले होते. पॅच, मॉर्फिन मिळतं ते सांगली-मिरजेत. म्हणून जूनच्या अखेरीस या पेशंटच्या घरी दोन पॅच आणि आठवडाभराच्या साध्या मॉर्फिनच्या गोळ्या जादा देऊन, कुलपात ठेवायला सांगून, त्याची नोंद रजिस्टरमध्ये करतो. दोन पॅच म्हणजे सहा दिवस. त्यापुढे रस्ता बंद राहिला तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तरी साधं मॉर्फिन असायला हवं, त्यासाठीचा अर्ज आम्ही दिला आहे.